डाव्या सीटचा आवाज

कांतिलालशेठ माणसाला पहिल्या भेटीत नाव विचारत नसत, वजन विचारत. आमच्या भागात पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या, मग "कुठलं गाव?" आणि मग चहा, असा रिवाज आहे. शेठ गादीवर बसल्या बसल्या समोरच्याला टाळूपासून टाचेपर्यंत एकदा न्याहाळायचे आणि म्हणायचे, "पावणं, पासष्टला टेकला असाल न्हवं?" एकदा मुलगी बघायला निघालेली मंडळी पत्ता विचारायला त्यांच्या दुकानात शिरली, तर शेठांनी नवऱ्या मुलाच्या आईलाच वजन विचारलं. तरीही ते लग्न जमलं, हे त्या मुलीचं नशीब.

शेठांचं नारायणगावच्या पेठेत भांड्यांचं दुकान होतं. तांब्यापितळेचा सगळा व्यवहार वजनावर, तेव्हा नव्या माणसाला वाटायचं की ही धंद्याची सवय असेल. तसं नव्हतं. शेठांकडे एक स्पोर्ट्स कार होती, तिच्यात एक आवाज होता, आणि डाव्या सीटवर ठरावीक वजनाचा माणूस बसल्याशिवाय तो आवाज येत नव्हता.

आता भांड्यांचा व्यापारी आणि स्पोर्ट्स कार, हे जरा सावकाशीनं सांगायला हवं. नव्वदचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. आमच्या जुन्नर तालुक्यात तेव्हा गाडी म्हणजे जीप, टेम्पो नाही तर ट्रॅक्टर. थोडक्यात, जिच्यात टोमॅटोचे क्रेट मावतील ती गाडी. आणि शेठांनी मुंबईच्या कुणा शौकिनाकडून ही आणली. लाल, परदेशी, वयानं पोक्त, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की शेजारून म्हैस गेली तर आतल्या माणसाला तिचं फक्त पोट दिसायचं. कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण शेठांना ते कधी धड म्हणता आलं नाही आणि मला लिहिता येत नाही. गावानं तिचं नाव बेडकी ठेवलं.

शेठांचं घराणं राजस्थानातून इथे येऊन तीन-चार पिढ्या झाल्या असतील. घरात मारवाडी, दुकानात आमच्यापेक्षा रांगडी मराठी. तीन भाऊ एकत्र होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी सगळं खटलं एका जीपमध्ये कोंबून कुठे कुठे निघायचं. मग मुलांच्या शिक्षणासाठी दोघे भाऊ पुण्याला गेले आणि तिथलेच झाले. जीप धाकट्याकडे गेली. शेठांना मूलबाळ नव्हतं. "आता दोघांसाठी काय यष्टी घ्यायची काय?" असं म्हणून त्यांनी ही दोन सीटची गाडी घेतली. त्यांच्या पत्नी, चंदाभाभी, तिच्यात एकदाच बसल्या. ओझरला पोचल्यावर त्यांना बाहेर काढायला देवळासमोरच्या दोन फुलवाल्या बायका लागल्या. त्या दिवशी भाभींनी जाहीर केलं की यापुढे मी चालत येईन. तेव्हापासून डावी सीट रिकामी.

तर आवाज. गतिरोधकावरून किंवा रस्त्याखालच्या पाण्याच्या मोरीवरून गाडी उतरली की खालून आधी "कुंई" असं बारीक कण्हणं आणि मग "टक्". बस, एवढंच. मला विचाराल तर माझ्या स्कूटरच्या मानानं ते भजन होतं. पण शेठांचा कान भांड्यांवर तयार झालेला. बोटाच्या पेरानं हंड्याला टिचकी मारायची आणि चीर कुठे आहे ते सांगायचं, हा त्यांचा हातखंडा. "भांडं खोटं बोलत न्हाई, राव," हे त्यांचं आवडतं वाक्य. गाडीलाही ते तसंच टिचकी मारून बघायचे. बॉनेट, दार, चाकाची वाटी, सगळीकडे. "ह्यो पितळंचा आवाज न्हाई. जर्मनच्या पातेल्याचा हाय. कुठं तरी हलका धातू बोलतोय."

हंड्याच्या बाबतीत शेठ चुकत नसत. गाडीच्या बाबतीत ते दर वेळी चुकायचे. मी हे कौतुकानंच सांगतोय. इतक्या ठामपणे इतक्या वेळा चुकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. एकदा त्यांनी ठरवलं की आवाज सीटांमधूनच येतो. दोन्ही सीटा काढून माळ्यावर टाकल्या आणि खाली जेवायचे पाट मांडले. आठवडाभर शेठ पाटावर बसून गाडी हाकत होते. लांबून पाहिलं तर मुंजीला बसलेत असं वाटायचं. आवाज होता तिथेच होता, शिवाय पाटांची खडखड वाढली.

दुसऱ्यांदा निष्कर्ष निघाला की सांधे कोरडे पडलेत. हायवेवरच्या गॅरेजचा दत्तू मिस्त्री ग्रीसचा डबा घेऊन आला. पण ग्रीसमध्ये चरबी असते, असं शेठांनी कुठे तरी ऐकलं होतं. पक्क्या जैन माणसाच्या गाडीला चरबी कशी चालेल? त्यांनी भाभींच्या स्वयंपाकघरातून घाण्याचं शेंगदाणा तेल आणलं आणि चारी सांध्यांना यथेच्छ पाजलं. दोन दिवस गाडी गप्प. शेठांनी पेठेत पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी गाडीला मुंग्या लागल्या. थोड्याथोडक्या नाहीत, चाकांच्या आत वारूळ झालं की काय असं वाटावं इतक्या. दत्तू म्हणाला पाण्याचा फवारा मारतो, तर शेठांनी त्याला पायरीवरूनच माघारी धाडलं. चाक फिरलं तर किती जीव जातील याचा हिशोब करत ते ओट्यावर बसून राहिले. मग चाकापासून कोपऱ्यातल्या कडुलिंबापर्यंत साखरेची बारीक रेघ ओढली आणि मुंग्या आपल्या मर्जीनं जाईपर्यंत गाडीला हात लावला नाही. पेठेतली माणसं जाता-येता विचारायची, "शेठ, सवाऱ्या उतरल्या का?"

दत्तूनं खरं कारण सांगितलंच नव्हतं असं नाही. चाकाच्या सांध्यात रबराची एक जाड बांगडी असते, तिला बुश म्हणतात. ती झिजली की लोखंड लोखंडाला लागतं. पण दत्तूनं आधी शॉकप सांगितला होता, मग स्प्रिंग, मग बॉल जॉइंट. चौथ्यांदा बुश म्हणाल्यावर कोण ऐकणार? शिवाय तो बुश इथे मिळत नव्हता. मुंबईला सांगून ठेवला होता, तो यायचा तेव्हा येणार होता.

दरम्यान वजनाचा शोध लागला. वारूळवाडीतले माझे शेजारी रामभाऊ द्राक्षबागाईतदार आणि जुने पैलवान. ते बसले की गाडी दबून मुकाट व्हायची. पोस्टातला बारका कारकून बसला तरी आवाज नाही. सत्तरच्या आसपासचा माणूस बसला की मात्र हमखास "कुंई, टक्". मी शाळेत गणित शिकवायचो आणि वजनानं बरोबर सत्तर भरायचो. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी मला बोलावणं यायचं. आत बसल्यावर बोलायचं नाही, खिशात किल्ल्या ठेवायच्या नाहीत, मोरी आली की श्वास धरायचा. "ऐकलं का, सर? न्हाई? थांबा, परत घेतो." असं म्हणून शेठ रस्त्यातच गाडी मागे घ्यायचे, मागे एसटी असली तरी.

एकदा खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरच्या एका इंजिनियरला त्यांनी बसवून नेलं. तुम्ही आकाशातलं ऐकता, तर माझं एवढं ऐका, असं त्यांचं म्हणणं. तो भला माणूस मोरीवरून दोनदा गेला आणि म्हणाला की शेठ, आम्ही कानानं काही ऐकत नाही, यंत्र नोंद घेतं. शेठ फार निराश झाले. एवढाल्या पराती उघड्या टाकल्यात आणि आत कुणी ऐकतच नाही, हे ते बरेच दिवस गावाला सांगत होते.

शेठांचा चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी बंद. दिवस कलला की ते आवाज विसरायचे आणि घराकडे सुटायचे. ती गाडी खरी किती पळते हे मी फक्त मावळतीलाच पाहिलंय, डोळे मिटून.

नवं शतक लागलं त्या सुमाराला मला वर्गात शिकवता शिकवता हार्ट अटॅक आला. पुण्याला नेलं, छाती उघडली, शिवली, आणि महिन्याभरानं मी घरी आलो. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बरे आहात, रोज चाला, जूनमध्ये शाळेत जा. मी मान हलवली आणि घरी येऊन पलंगावर बसलो तो बसलोच.

तेव्हाचं सांगायला आजही जड जातं. मला भीती बसली होती. डावा हात छातीवर ठेवून मी दिवसभर ठोके ऐकत बसायचो. अंगणातल्या तुळशीपलीकडे पाऊल टाकलं की वाटायचं, आता पडणार. सुमन, माझी बायको, रोज चपला पुढे आणून ठेवायची आणि संध्याकाळी तशाच आत न्यायची. मुख्याध्यापक भेटून गेले. जूनमध्ये येणार की निवृत्ती घेणार ते कळवा म्हणाले. वीस-बावीस वर्षं खडूच्या धुळीत काढलेला माणूस मी. वर्ग सुटला तर माझं दुसरं काही नव्हतं. तरी मनात मी ठरवून टाकलं होतं की आता जायचं नाही.

कांतिलालशेठ मला पाहायला आले. नेहमीसारखं वजन विचारलं नाही. थोडा वेळ माझ्या छातीवरच्या हाताकडे पाहत बसले, चहा प्याले आणि गेले. चार दिवसांनी दुपारी चारला दारात हॉर्न वाजला.

"सर, सगळं गाव बसवून पायलं," शेठ खिडकीतून म्हणाले. "आवाज वाढलाय, पन कुनाच्याच वजनाला नीट येत न्हाई. तुमीच पायजे."

मी म्हणालो, मला धक्के चालत नाहीत. ते म्हणाले, मी बैलगाडीला पुढं जाऊ देतो. मी म्हणालो, माझं वजन उतरलंय, आता मी साठ आहे. त्यावर शेठांनी डिकी उघडली. आत दुकानातली लोखंडी वजनं होती. पाच-पाच किलोची दोन त्यांनी माझ्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, झालं सत्तर. सुमन दारात उभी राहून पदरानं हसू दाबत होती. तिला किती दिवसांनी हसताना पाहत होतो म्हणून असेल, मी बसलो.

पहिल्या दिवशी मारुतीच्या देवळापर्यंतच गेलो. वाटेत आवाज आला. "कुंई, टक्." शेठांचा चेहरा असा फुलला की मलाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कालव्यापर्यंत, मग ओझरच्या रस्त्याला, मग खोडदच्या. रोज चार वाजता हॉर्न. गंमत अशी की कान खालच्या आवाजाकडे लावला की छातीतले ठोके ऐकायचे राहून जायचे. हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले.

मग शेठांनी नवीन टूम काढली. आतून कळत न्हाई, म्हणाले, आवाज म्होरच्या चाकाचा का मागच्या, ते भाईरनं ऐकाय पायजे. मी कालव्याच्या रस्त्यावर उतरायचं, माझ्या सीटवर डिकीतली सगळी वजनं मांडायची, शेठ गाडी मुंगीच्या पावलानं चालवणार आणि मी मागून कान देऊन चालायचं. पुढे ती लाल गाडी आणि मागे मान खाली घालून मी. उसाच्या शेतातल्या बायका काम थांबवून पाहायच्या. एका म्हाताऱ्यानं तर कुणाची तरी मयत आहे असं समजून टोपी काढली. पहिल्या दिवशी शंभर पावलांत मी धापा टाकायला लागलो, तर शेठच म्हणाले, माझी कंबर धरली, जरा थांबू. असं रोज थोडं थोडं लांब जाऊ लागलो. उन्हाळा लागेपर्यंत मी कालव्यापासून पुलापर्यंत एका दमात चालायला लागलो होतो.

सीटवर लोखंडी वजनं ठेवून आवाज येत असेल, तर मुळात माझी गरज काय? हा प्रश्न गणिताच्या शिक्षकाला पाच महिन्यांत एकदाही पडला नाही. रामभाऊंना पडला होता म्हणे. त्यांनी मला विचारलं नाही, हेही उपकारच.

मी भरत गेलो तशी पायाजवळची वजनं कमी होत गेली. मे महिन्यात एके दिवशी शेठ माझ्याकडे बघत म्हणाले, "आज मोकळंच बसा, सर." त्या दिवशी आम्ही पार मंचरपर्यंत गेलो आणि परतताना मावळतीच्या भीतीनं शेठांनी गाडी अशी काही सोडली की माझी छाती नुसती धडधडली. आणि मला त्याची भीती वाटली नाही. मी चक्क हसत होतो.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी शेठांनीच मला फाटकाशी सोडलं. जिना चढून मी वर्गात गेलो, खडू घेतला आणि फळ्यावर तारीख घातली. पोरं गप्प बसली होती, तीही मला जपत होती. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी नेहमीसारखा दंगा केला तेव्हा मला कळलं की मी परत आलो.

भाद्रपदात आमच्या घरी गणपती बसले होते आणि शेठांचं पर्युषण संपत होतं. त्याच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, ते उपवास करायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी, उपवास सोडण्याआधी, ओळखीच्या प्रत्येक दारात जाऊन हात जोडायचे: मिच्छामि दुक्कडम्. वर्षभरात मनानं, बोलण्यानं, वागण्यानं दुखावलं असेल तर माफ करा. गिऱ्हाईक असो की भांडलेला शेजारी, कुणी सुटायचं नाही. आमच्याकडे हे काम उंबऱ्याबाहेर, चपला न काढता, एका दमात उरकायचं. त्या वर्षी मात्र त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि गणपतीसमोर सतरंजीवर बसले.

"सर, बाकीच्यांना नुसतं म्हनून भागतं," ते म्हणाले. "तुमाला सांगून मागायला पायजे. मी तुमच्याशी खोटं बोललो. एकदा न्हाई, रोज."

मला काही उमगेना. शेठ सतरंजीच्या काठाकडे बघत सांगत गेले. मी पुण्याला दवाखान्यात होतो तेव्हाच मुंबईहून बुश आला होता. दत्तूनं बसवला आणि आवाज गेला. या वेळी खरंच गेला. पेढे वाटायचे होते, पण सर आल्यावर वाटू म्हणून थांबले. मग ते मला पाहायला आले.

"तुमचा त्यो हात पायला छातीवर," शेठ म्हणाले. "तसाच गेलो दत्तूकडं. म्हनलं, जुना बुश टाकला का रं? भंगाराच्या ढिगात व्हता. दोघांनी हुडकला. नवा काढून जुना परत बसवाया लावला. दत्तू म्हनला, शेठ, येडं लागलं काय? म्हनलं, लागू दे. नुसतं फिराया चला म्हनलो असतो तर तुमी आला नसता."

मी गेलो नसतो, हे खरंच होतं. ज्या माणसानं एका आवाजापायी पाटावर बसून गाडी चालवली, त्यानं तो गेलेला आवाज माझ्यासाठी भंगारातून परत आणला आणि इतके महिने रोज कानानं सोसला. डॉक्टरांनी माझं हृदय शिवलं, पण मला घराबाहेर काढलं ते कांतिलालशेठांनी. आज मी चालतोय, निवृत्तीपर्यंत शिकवलं, नातवंडं पाहिली, ते त्यांच्या पुण्याईवर. आमच्याकडे आभार स्टेजवर मानतात, घरात तो शब्द तोंडातून निघत नाही. तेव्हाही निघाला नाही. डोळे मात्र भरून आले, आणि सुमन तर आत जाऊन रडायला लागली.

शेठ हात जोडून तसेच बसले होते. माफ केलं म्हटल्याशिवाय त्यांना उपवास सोडता येणार नव्हता. म्हणून मी म्हणालो, "माफ केलं, शेठ." माफ करण्यासारखं काय होतं, ते मला आजतागायत सापडलेलं नाही.

त्यांनी मोठा श्वास सोडला. उठले, चपला घातल्या, पायरी उतरले आणि तिथेच घुटमळले.

"मग आता नवा बुश बसवू?"

"बसवा की. इतके दिवस कशाला थांबलात?"

"न्हाई, म्हनजे..." ते गाडीकडे बघत होते. "आवाज गेला तर तुमी कशाला याल?"

एवढ्या वर्षांत शेठांनी मला बरंच काही विचारलं होतं, पण असं कधी विचारलं नव्हतं.

"चारला येतो," मी म्हणालो. "हॉर्न वाजवू नका, मी दारात असतो."

शेठांनी मान हलवली आणि उपवास सोडायला घरी गेले. दुपारी चारला ते आले तेव्हा मी फाटकाबाहेर रस्त्यावर उभा होतो.